पडला, उठला, पुन्हा खेळू लागला

लहान मुलाला अर्धांगवायू होऊ शकतो, हे सांगितले तरी पुष्कळांना खरे वाटत नाही. हे दुखणे आजोबांच्या वयाचे, रक्तदाबाचे, मधुमेहाचे, वर्षानुवर्षे खाल्लेल्या तंबाखूचे, अशी आपली समजूत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर शहराच्या वैद्यकीय नोंदी चाळून शोनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये मुलांमधल्या पक्षाघाताचे प्रमाण काढले, ते दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण अडीच निघाले. मेंदूत रक्तस्राव झालेली आणि रक्तवाहिनी तुंबलेली, दोन्ही प्रकारची मुले त्यात धरली होती. या लहान आकड्याच्या पोटात आणखी एक लहान गट आहे आणि इथे विचार करायचा आहे तो त्याचाच: खेळताना मानेला झटका बसलेली, कोलांटी चुकलेली, झोपाळ्यावरून घसरलेली, तोंडात पेन्सिल धरून धावताना आपटलेली मुले. ती रडतात, उठतात, पुन्हा खेळायला पळतात. काही तासांनी, कधी दोन-चार दिवसांनी, एक हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते, जीभ अडखळते किंवा चालताना तोल जातो. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध असू शकतो हे वैद्यकाने मान्य करायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. शरीररचना ठाऊक नव्हती म्हणून हा उशीर झाला, असे नाही. मार किरकोळ की गंभीर हे कातडीवरून आणि हाडावरून ठरवायची सवय, आणि घरच्यांनी सांगितलेला वेळेचा तपशील लिहून घेतला तरी त्याला पुरावा न मानण्याची सवय, या दोन सवयींनी तो केला, असे माझे म्हणणे आहे. त्यातली दुसरी सवय निव्वळ हेकटपणाची नव्हती, तिच्यामागे चांगली कारणेही होती, म्हणून ही गोष्ट तपासण्यासारखी आहे.

आधी मानेच्या आत काय आहे ते पाहू. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या चार धमन्या मानेतून वर चढतात. पुढे गळ्याच्या दोन्ही बाजूंना कॅरोटिड. बोट ठेवले तर तिचा ठोका लागतो. मागे दोन व्हर्टिब्रल; त्या मात्र हाताला लागत नाहीत, कारण सहाव्या मणक्यापासून वर प्रत्येक मणक्याच्या बाजूच्या भोकातून त्या मण्यांतून दोरा जावा तशा गेलेल्या असतात. सगळ्यांत वरच्या दोन मणक्यांपाशी ही धमनी वळसे घेते. मान वळवण्याची जवळजवळ निम्मी हालचाल याच दोन मणक्यांमध्ये होते, म्हणून तिथे धमनीला ढील लागते. आणि म्हणूनच जोराचा पिळा पडला की ताणही तिथेच बसतो. कॅरोटिडची मेंदूकडे जाणारी शाखा टॉन्सिलच्या आणि मऊ टाळूच्या बाजूच्या भागामागून, फारसे अंतर न ठेवता, वर जाते. धमनीची भिंत तीन पदरांची असते. ताण किंवा ठोसा बसून आतल्या अस्तराला चीर पडली, तर रक्त पदरांच्या मध्ये शिरते, वाट अरुंद होते आणि चिरेच्या जागी गुठळी धरू लागते. गुठळी वाढून धमनी बंद होते, किंवा तिचा तुकडा सुटून प्रवाहाबरोबर वर जातो आणि मेंदूतल्या एखाद्या फांदीत अडकतो. अस्तर फाटायला क्षण पुरतो. गुठळी धरायला आणि सुटायला तास लागतात, दिवसही लागतात. एवढे घडत असताना बाहेर ना रक्त, ना टेंगूळ, ना मोडलेले हाड. शिवाय लहान मुलाचे डोके धडाच्या मानाने मोठे, मानेचे स्नायू कोवळे आणि सांधे धरून ठेवणारे बंध सैल. मोठ्या माणसाला जो हिसका जाणवणारही नाही, तो तिथे पुरू शकतो.

मानेवरचा आघात जिवावर बेतू शकतो हे ज्ञान मात्र फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातली 107 मर्मे सांगितली आहेत आणि त्यांतली 37 खांद्यांच्या वरच्या भागात, म्हणजे मानेत आणि डोक्यात, धरली आहेत. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नीला आणि मन्या या मर्मांना इजा झाली तर मुकेपण येते, आवाज बिघडतो, चव जाते, असे तिथे म्हटले आहे. मान आणि डोके जिथे जुळतात तिथल्या कृकाटिकेला इजा झाली तर डोके डळमळते. आणि सिरामातृका दुखावल्या तर मृत्यू ताबडतोब. गळ्याच्या बाजूला मारल्यावर वाचा जाते, हे निरीक्षण आजच्या न्यूरॉलॉजिस्टलाही विचारात पाडणारे आहे. पण असे उतारे हाती धरून ‘आपल्याला सगळे आधीच ठाऊक होते’ म्हणण्याची जी हौस आहे, तिला इथे आधार मिळत नाही. सुश्रुताच्या पुढे होते शस्त्राचे घाव आणि जबर मार. परिणामही त्याने आघाताला लगेच जोडले आहेत. पक्षाघाताला त्या परंपरेने वेगळ्या प्रकरणात, वातव्याधींमध्ये, बसवले. हलका हिसका आणि दोन दिवसांनी लुळा पडलेला हात यांना जोडणारा धागा तिथे नाही, आणि नेमका तोच धागा पुढे हजारो वर्षे कुणाला सापडला नाही. युरोपात 1658 मध्ये योहान याकोब वेप्फरने पक्षाघाताने मेलेल्यांची डोकी उघडून मेंदूतला रक्तस्राव दाखवला. 1664 मध्ये थॉमस विलिसने मेंदूच्या तळाशी चारही धमन्यांना जोडणारे कडे वर्णन केले, ज्याला आजही त्याचेच नाव आहे. विलिसने एका माणसाची हकीकतही दिली, ज्याची एक कॅरोटिड साफ बंद झालेली असूनही जिवंतपणी त्याला काही त्रास नव्हता, कारण कड्यातून दुसऱ्या बाजूचे रक्त येत होते. शोध मोठाच, पण त्यातून निघणारा एक निष्कर्ष पुढच्या पिढ्यांना सोयीचा झाला. मानेतली एक धमनी बंद पडूनही माणूस धडधाकट राहू शकतो, तर अर्धांगवायूचे कारण मानेत कशाला शोधायचे? डॉक्टर मेंदूत पाहत राहिले. शवविच्छेदनातही डोके उघडले जाई, मान क्वचितच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुडॉल्फ फिरखॉने गुठळी एका जागी तयार होऊन तिचा तुकडा दूर जाऊन अडकतो हे दाखवून दिले, तेव्हा उशिराचे कोडे सोडवायला लागणारी किल्ली तत्त्वतः हाती आली. 1872 मध्ये फ्रेंच शल्यविशारद व्हेर्नयने एका जखमी माणसाची नोंद प्रसिद्ध केली: अंगावर अनेक ठिकाणी मुका मार, अर्धे अंग लुळे, आणि मृत्यूनंतर पाहता कॅरोटिडचे आतले अस्तर फाटून तिथे गुठळी. बाहेरून न फुटलेल्या मानेत धमनी फाटू शकते, याचा हा जुन्यात जुना स्पष्ट दाखला मानला जातो. तीनच वर्षांनी लंडनच्या विल्यम गॉवर्सने एका डोळ्याची दृष्टी गेलेल्या आणि विरुद्ध बाजूचे अंग लुळे पडलेल्या रुग्णाचा आजार डोळ्याच्या आणि मेंदूच्या धमनीत एकाच वेळी अडकलेल्या गुठळ्यांशी जोडला. म्हणजे 1875 पर्यंत धमनीची रचना, अस्तराची चीर, गुठळीचा प्रवास आणि त्याचा परिणाम, सगळे तुकडे टेबलावर होते. ते जुळवले गेले नाहीत, कारण ते टेबल शल्यविशारदांचे आणि प्रौढ रुग्णांचे होते. मुलांचा अर्धांगवायू दुसऱ्याच खोलीत, दुसऱ्याच माणसांच्या हाती होता.

त्या खोलीत काय चालले होते? विल्यम लिटल या इंग्लिश डॉक्टरने 1861 मध्ये मुलांच्या अंगातल्या ताठरपणाचे मूळ अवघड बाळंतपणात असल्याचे मांडले. जन्मानंतर, चालत्या-बोलत्या वयात अचानक लुळ्या पडणाऱ्या मुलांसाठी जर्मनीच्या आडोल्फ स्ट्र्युम्पेलने 1884 च्या सुमारास वेगळी उपपत्ती दिली: पोलिओत जसा मज्जारज्जूला दाह होतो, तसा इथे मेंदूला होतो. ताप, आकडी आणि मग लुळेपणा हा क्रम पुष्कळ मुलांत दिसे, त्यामुळे ही उपपत्ती चांगली रुजली. 1889 मध्ये फिलाडेल्फियात विल्यम ऑस्लरने मुलांच्या मेंदूजन्य पक्षाघातावर पुस्तक लिहिले. 1891 मध्ये व्हिएन्नात ऑस्कर री याच्या जोडीने सिग्मंड फ्रॉइडने मुलांच्या अर्ध्या अंगाच्या लकव्यावर प्रबंध प्रसिद्ध केला आणि 1897 मध्ये या सगळ्या विषयावर एक जाडजूड ग्रंथ. मनोविश्लेषणाच्या आधीचा हा फ्रॉइड आपल्या वाचकांना फारसा परिचित नाही. पण मुलांच्या लकव्यावर त्या काळात त्याच्याइतके बारकाईने लिहिणारे थोडेच होते. या ग्रंथात जन्मानंतरच्या कारणांमध्ये इजेलाही जागा आहे. म्हणजे ‘पडला होता’ हे आईबापांचे सांगणे कागदावर उतरत होते. पण जागा म्हणजे यादीतली एक ओळ. पडल्यानंतर किती वेळाने, कोणत्या अंगावर पडला, मान वळली का, हे प्रश्न विचारून त्या ओळीचे निदानात रूपांतर होत नव्हते.

आता दुसरी बाजू. या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे आणि बरेचसे चूकही आहे. आईबापांच्या सांगण्यावर अविश्वास दाखवायला त्यांच्यापाशी दोन भक्कम कारणे होती. एक, मुले रोजच पडतात. कुठल्याही आजारी मुलाच्या घरच्यांना ‘गेल्या आठवड्यात कुठे पडला होता का?’ असे विचारले, तर हो म्हणणारे घर सापडणारच; ज्या मुलाला काही झाले नाही त्याच्या घरी हा प्रश्न कुणी विचारत नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे आणि त्याची धार फ्रॉइडनेच लिटलविरुद्ध वापरली होती. अवघड बाळंतपणामुळे मेंदू बिघडतो असे लिटल म्हणाला. फ्रॉइडने विचारले, गर्भातच काही बिघडलेले असेल आणि त्यामुळेच बाळंतपण अवघड झाले असेल, तर? हाच प्रश्न पडण्याला लावून पाहा. मूल पडले म्हणून लकवा झाला, की लकवा येत होता, पाय लटपटला, म्हणून मूल पडले? झाडावरून पडलेले मूल तिथेच लुळे सापडले, तर यांतले खरे काय हे नुसत्या हकिगतीवरून कुणीही सांगू शकणार नाही. पण याच प्रश्नाचे उत्तर त्या दुर्लक्षित वेळेत दडलेले होते. मूल पडले, उठले, दोन तास व्यवस्थित धावले, जेवले, बोलले, आणि मग हात गळला, अशी हकीकत असेल तर लकव्याने पाडले हा तर्क कोलमडतो. जो मधला निरोगी काळ पाहून डॉक्टर म्हणत की ‘मग त्या पडण्याचा काय संबंध?’, तोच काळ संबंधाच्या बाजूने साक्ष देणारा होता. फिरखॉच्या गुठळीला लागणारा वेळ तो हाच. सिद्धांत एका कपाटात आणि हकीकत दुसऱ्या कपाटात राहिली.

कपाटे उघडली ती एका पोर्तुगीज माणसाने, आणि त्याचा हेतू वेगळाच होता. लिस्बनच्या एगास मोनिझला मेंदूतल्या गाठी शोधायच्या होत्या. 1927 मध्ये त्याने जिवंत माणसाच्या कॅरोटिडमध्ये क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य टोचून मेंदूच्या धमन्यांचे चित्र काढले. आधीच्या प्रयत्नांत एक रुग्ण दगावला होता. दहा वर्षांनी, 1937 मध्ये, त्यानेच सहकाऱ्यांसह कॅरोटिड तुंबल्यामुळे झालेल्या अर्धांगवायूची चित्रे प्रसिद्ध केली. आता मान पाहता येऊ लागली. पण मुलांची मान पाहायला तरीही हात धजत नसे. मानेत थेट सुई खुपसून जी धमनी तपासायची, तिलाच त्या सुईने इजा होण्याची भीती होती. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगरने जांघेतून नळी वर नेण्याची पद्धत शोधल्यावर हळूहळू ती भीती कमी झाली. मुलांमधला पुरावा 1950 नंतरच का जमू लागला, याचे निम्मे उत्तर यात आहे.

आणि तो जमला एका फार घरगुती अपघातावरून. 1956 मध्ये ब्रॉडो यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मऊ टाळूला इजा झाल्यानंतर कॅरोटिड तुंबलेल्या मुलाची हकीकत दिली. तोंडात काठी, पेन्सिल, टूथब्रश किंवा लॉलीपॉप धरून पळणारे मूल तोंडावर आपटते. टाळूवर छोटीशी जखम होते, थोडे रक्त येते, थांबते. जखम भरायला टाकाही लागत नाही. पण त्या टाळूच्या मागे कॅरोटिड आहे आणि काठीचे टोक व मागचा कणा यांच्यामध्ये ती चिरडली गेलेली असते. 1966 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पिटनर यांनी याच प्रकाराकडे पुन्हा लक्ष वेधले. या मुलांनी एक मोठे काम केले. इथे इजेची खूण तोंडात दिसत होती, तिची जागा धमनीच्या नेमकी समोर होती आणि मधला निरोगी काळ घरच्यांच्या तोंडी होता. त्यामुळे वेळेच्या तपशिलाला पहिल्यांदा शरीररचनेचा आधार मिळाला. मधल्या काळात, 1961 मध्ये, डेन्मार्कच्या फ्रान्त्सेन, याकोबसेन आणि थेरकेल्सेन यांनी डोक्याला किंवा मानेला मार लागून मेंदूची धमनी बंद पडलेली सहा मुले अँजिओग्राफीच्या चित्रांनिशी मांडली. सहा हा आकडा हसण्यासारखा वाटेल. पण सहाही मुलांत धमनी बंद पडलेली दाखवता आली होती, आणि याआधी शेकड्यांनी लिहिलेल्या हकिगतींत नेमकी तीच गोष्ट नव्हती.

मागच्या दोन धमन्यांची कथा वेगळ्या वाटेने आली आणि तिथे एका धंद्याचा संबंध आहे. 1895 मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामरने मणके ‘जागेवर बसवण्याची’ कायरोप्रॅक्टिक नावाची पद्धत सुरू केली. 1947 मध्ये प्रॅट-थॉमस आणि बर्गर यांनी अशा मान मोडण्यानंतर मेंदूच्या मागच्या भागाला झालेल्या प्राणघातक इजांची माहिती छापली. यातले रुग्ण प्रौढ. पण एक गोष्ट त्यातून कळली की मान तुटावी लागत नाही, नुसती झटक्याने वळली तरी पुरे. आपल्याकडे केस कापून झाल्यावर खुर्चीतच मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून घेणारे गिऱ्हाईक आणि ती मोडून देणारा कारागीर, दोघेही यात काही जोखीम आहे असे धरत नाहीत. धमनी मात्र पामरच्या शिष्याचा झटका आणि सलूनमधला झटका यांत फरक करत नाही. 1978 मध्ये झिमरमन आणि सहकाऱ्यांनी मुलांमध्ये मारानंतर मागच्या धमन्या तुंबण्याचे प्रकार एकत्र मांडले. त्याच वर्षी सोरेन्सेन यांनी तिरंदाजीचा सराव करताना, मान एका बाजूला वळवून धरल्यामुळे, पक्षाघात झालेल्या माणसाचे वर्णन केले आणि त्या प्रकाराला धनुर्धाऱ्याचा पक्षाघात म्हटले जाऊ लागले. अलीकडे हाच प्रकार मुलांमध्येही सापडू लागला आहे. सरळ डोक्याने काढलेल्या चित्रात धमनी मोकळी दिसते आणि डोके वळवले की दाबली जाते. ज्या मुलांना पक्षाघाताचे एकामागून एक झटके येत होते आणि कारण सापडत नव्हते, त्यांच्यातल्या काहींचे कारण या वळवलेल्या चित्रात मिळाले. याच 1978 मध्ये मिलर फिशर, ओजेमन आणि रॉबरसन यांनी प्रौढांमध्ये मानेच्या धमनीचे अस्तर आपोआप, म्हणजे उल्लेख करण्याजोगा मार नसताना, फाटते हे सविस्तर दाखवले. त्याने एक नवा पेच उभा केला, आणि माझ्या मांडणीवरचा सगळ्यांत गंभीर आक्षेप त्यातूनच येतो.

आक्षेप असा: मारच नसताना धमनी फाटत असेल, तर मार हे कारण कसले? धमनीच कच्ची असणार, किंवा कसल्या संसर्गाने तिची भिंत सुजलेली असणार. खेळातला हिसका म्हणजे निमित्त. याला बळ देणारा पुरावाही आहे. 2001 मध्ये फुलर्टन आणि सहकाऱ्यांनी तोवर प्रसिद्ध झालेली, धमनीचे अस्तर फाटलेली 118 मुले एकत्र तपासली. त्यांत मुलींपेक्षा मुलगे कितीतरी अधिक होते. मुलगे दांडगाई करतात म्हणून, असे आपण चटकन म्हणू. पण मार लागलेली मुले बाजूला काढली तरी मुलग्यांचे आधिक्य उरतच होते. म्हणजे दांडगाईपलीकडचे काहीतरी आहे. संसर्गाचेही तसेच. स्ट्र्युम्पेलच्या तापाला सरसकट खोटे ठरवता येत नाही. कांजिण्यांनंतर मेंदूची धमनी अरुंद होऊन लकवा येतो हे आता चांगले ठाऊक आहे. आक्षेपातले एवढे मी मान्य करतो. पण ‘निमित्त’ म्हटल्याने मार हिशेबातून जात नाही. त्याच 118 मुलांत मागच्या धमनीची चीर सर्वांत जास्त वेळा सापडली ती पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी, मान वळताना जिथे धमनीवर ताण येतो तिथेच. भिंत केवळ आतून कच्ची असती, तर तिने हीच जागा का निवडली असती?

मुले रोजच पडतात, या जुन्या आक्षेपाचे उत्तर मात्र हकिगतींनी देता येत नव्हते. त्याला निरोगी मुलांच्या घरीही तोच प्रश्न विचारावा लागणार होता. 1992 मध्ये कॅनडाने देशभरातल्या मुलांच्या पक्षाघाताची नोंदवही सुरू केली आणि टोरंटोच्या गॅब्रिएल डिव्हेबर यांनी तिला आकार दिला, तेव्हा सुट्या हकिगतींच्या जागी मोजता येतील अशी मुले आली. मग 2012 मध्ये हवे होते ते उत्तर कॅलिफोर्नियातून आले. कैझर पर्मनेंते या आरोग्यसंस्थेच्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या सुमारे 25 लाख मुलांच्या 1993 ते 2007 मधल्या नोंदी घेऊन संशोधकांनी धमनी तुंबून पक्षाघात झालेली 126 मुले आणि तसे न झालेली 378 मुले शेजारी शेजारी ठेवली. आधीच्या बारा आठवड्यांत डोक्याला किंवा मानेला मार लागून डॉक्टरकडे नेल्याची नोंद पहिल्या गटात 12 टक्के मुलांची होती, दुसऱ्या गटात 1.6 टक्के. सर्व मुले पडतात हे खरेच, पण दोन्ही गट सारखे पडलेले नव्हते. मार आणि पक्षाघात यांमधले मध्यम अंतर अर्ध्या दिवसाचे निघाले, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या आया जे सांगत होत्या त्याच मापाचे. किरकोळ संसर्गाचाही संबंध याच अभ्यासात दिसला: 33 टक्के विरुद्ध 13. त्यामुळे मार की ताप, असा जो वाद शंभर वर्षे चालला, तो मुळात ‘की’ वर उभा करायला नको होता. या अभ्यासावर एक हरकत रास्त आहे. डॉक्टरकडे नेण्याइतका मार म्हणजे तो किरकोळ कसा? पण ही हरकत उलट दिशेनेही लागू पडते. नोंद झाली ती फक्त दवाखान्यापर्यंत पोचलेल्या माराची. घरी हळद लावून मिटलेले पडणे दोन्ही रकान्यांच्या बाहेर राहिले.

भारतातला अध्याय उशिरा आला आणि वेगळ्या धमन्यांचा आला. आपल्याकडे लुळे पडलेले मूल दवाखान्यात आले की डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा क्षयाचा मेंदूज्वर येई, आणि ते योग्यच होते. या देशात मुलांच्या मेंदूच्या धमन्या बिघडवणाऱ्या कारणांत त्याची जागा मोठी आहे. या सावध सवयीची किंमत अशी की पडण्याचा प्रश्न इथेही मागे राही. 1993 मध्ये धारकर, मित्तल आणि भार्गव या भारतीय डॉक्टरांनी डोक्याला हलका मार लागल्यानंतर मेंदूच्या खोल गाभ्यात रक्तपुरवठा तुटलेल्या मुलांविषयी ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात लिहिले. 2014 मध्ये हैदराबादच्या बालमेंदूविकार तज्ज्ञांनी अशा बाळांच्या सीटी स्कॅनमध्ये एक खूण दाखवली: गाभ्याला रक्त देणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्यांच्या कडेने चुन्याचे सूक्ष्म ठिपके. ही मुले दीड-दोन वर्षांच्या आतबाहेरची, पडतात खाटेवरून किंवा उभे राहताना तोल जाऊन, आणि एक बाजू गळते. बहुतेकांची चांगली सुधारणा होते. मान इथे मुख्य नाही, त्यामुळे हा प्रकार आणि धमनीचे अस्तर फाटणे एकच समजू नये. पण बाहेरून मोजलेला मार आणि आत झालेले नुकसान यांचे प्रमाण जुळत नाही, हे इथेही दिसते. आणि ठिपके आधीपासून असतात, म्हणजे कच्ची वाहिनी आणि हलका मार दोघे मिळून काम करतात. आधीच्या आक्षेपाचे अर्धे म्हणणे आणि त्याला दिलेले अर्धे उत्तर, दोन्ही एकाच चित्रात सापडतात.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो इतिहासाचा नाही, आजचा आहे: हे सगळे लिहून काय साधते? लाखात अडीच मुलांसाठी, आणि त्यांतल्याही थोड्यांसाठी, बाकीच्यांच्या आईबापांच्या मनात भीती घालायची? कॅनडातल्या 2006 च्या एका मालिकेत धमनी तुंबून पक्षाघात झालेल्या मुलांपैकी अस्तर फाटलेली मुले साडेसात टक्के भरली. म्हणजे कोलांटी, खो-खो, कबड्डी बंद करण्याला यातून कणभरही आधार मिळत नाही. तोंडात काठी धरून धावू न देणे आणि मुलाची मान गंमत म्हणून झटक्याने न वळवणे, एवढेच पाळण्यासारखे. त्याला कुठल्या खेळाचा बळी लागत नाही. पण भीती नको म्हणून माहितीच नको, हा मार्ग वैद्यकाने शंभर वर्षे नकळत चालून पाहिला आहे. टोरंटोत 2009 मध्ये तपासले तेव्हा मुलाला पहिले लक्षण दिसल्यापासून पक्षाघाताचे निदान होईपर्यंतचा मध्यम काळ सुमारे 23 तास निघाला, आणि ते शहर या विषयातले सगळ्यांत जागरूक शहर होते. अस्तर फाटल्याचे कळले तर गुठळी वाढू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध देतात. प्रौढांमध्ये या दोन्हींची तुलना करणाऱ्या 2015 च्या ब्रिटिश चाचणीत त्यांच्यात ठळक फरक दिसला नाही. आधीच अडकलेली गुठळी विरघळवण्याचे औषध मुलांवर तपासणारी अमेरिकन चाचणी मात्र 2013 मध्ये बंद करावी लागली, कारण तिला पुरेशी मुले मिळेनात. त्या चाचणीत औषध द्यायची मुदत लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांची होती.